सकाळी बरोबर, संध्याकाळी एक फ्लॅप चुकलेला: स्प्लिट-फ्लॅपचं सरकणारं अक्षर कसं पकडायचं

स्प्लिट-फ्लॅप म्हणजे ड्रमवरच्या छोट्या पाट्या (फ्लॅप) एकेक पाडून अक्षर किंवा आकडा दाखवणारा बोर्ड, रेल्वे स्टेशनांवर असायचा तसा; एका अक्षराचं एक खोकं म्हणजे एक मॉड्यूल. तक्रार दर वेळी तीच असते. मॉड्यूल नीट जोडलं, होमिंग झालं (सेन्सरवरून ड्रमची सुरुवातीची जागा, म्हणजे होम, सापडली), अक्षरं बरोबर आली. काही तासांनी बघावं तर एखादं मॉड्यूल एक फ्लॅप पुढे नाहीतर मागे. बंद करून चालू केलं की पुन्हा सगळं ठीक. मग कोडमध्ये ऑफसेट (होमपासून पहिल्या अक्षरापर्यंतच्या स्टेप, म्हणजे मोटरच्या छोट्या पावलांची संख्या) चार-पाच स्टेपने वाढवायचा, दोन दिवस बरे जातात, आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

इथे मी घरगुती बनावटीचं नेहमीचं मॉड्यूल धरून चाललोय: २८बीवायजे-४८ स्टेपर मोटर, यूएलएन२००३ ड्रायव्हर (मोटरला वीज सोडणारी चिप), होमसाठी ए३१४४ हॉल सेन्सर (चुंबक समोर आला की सांगणारा) आणि छोटं मॅग्नेट, ४० फ्लॅप, कंट्रोलर (कोड चालवणारा बोर्ड) ईएसपी३२ किंवा अर्डुइनो. फ्लॅपची संख्या वेगळी असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

कोड उघडण्याआधी एक करा. अक्षर चुकलेलं दिसत असतानाच खोक्याला वरून टिचकी मारा. फ्लॅप टपकन पडून अक्षर बरोबर झालं, तर ड्रम जागेवरच होता, फ्लॅप अडकला होता. तो आजार वेगळा, त्याच्याकडे शेवटी येतो. टिचकीने काही झालं नाही तर ड्रमच चुकीच्या जागी उभा आहे. ही दोन दुखणी एकत्र केल्यामुळेच लोक आठवडेच्या आठवडे ऑफसेटशी खेळत बसतात.

आता ड्रमचं बघू. ४० फ्लॅपच्या ड्रमला एका फ्लॅपमागे साधारण ५१ स्टेप येतात. ड्रम या ५१ स्टेपच्या पट्ट्यात कुठेही उभा असला तरी समोर दिसणारं अक्षर तेच असतं. म्हणजे ड्रम २० स्टेप चुकला असला तरी डोळ्याला काही कळत नाही. चूक साठत राहते, आणि पट्ट्याची कड ओलांडली की एकदम पूर्ण अक्षर बदलतं. संध्याकाळी दिसलेली चूक बहुतेक वेळा सकाळपासूनच आत चालू असते. बंद-चालू केल्यावर होमिंग होतं आणि साठलेली चूक पुसली जाते, पण तिचं कारण तिथेच राहतं.

म्हणून अक्षराकडे बघून निदान करू नका. एक आकडा मोजा: एका होमपासून पुढच्या होमपर्यंत कंट्रोलरने किती स्टेप पाठवल्या. कोडमध्ये एक काउंटर ठेवा, हॉल सेन्सर लागला की तो सिरीयल मॉनिटरवर (कॉम्प्युटरवरच्या संदेशांच्या खिडकीत) छापा आणि शून्य करा. ड्रम सलग फिरवत ठेवा आणि आकडे उतरत जाऊ द्या. निम्म्याहून जास्त निदान इथेच होतं.

आकडा २०३७-२०३८ वर स्थिर आहे, तरी अक्षर पुढे जातं

मोटर निरोगी आहे, हिशेब चुकलाय. या मोटरच्या माहितीपत्रकात गिअरचं प्रमाण ६४:१ दिलेलं असतं. आतला रोटर ३२ स्टेपमध्ये एक फेरा करतो, म्हणून ३२ गुणिले ६४ करून २०४८ हा आकडा सगळीकडे फिरतो. पण गिअरबॉक्स उघडून दात मोजले की जोड्या निघतात ३२/९, २२/११, २६/९ आणि ३१/१०. गुणाकार करा, ६३.६८३९५ येतो. म्हणजे एका फेऱ्याला २०३७.८९ स्टेप, २०४८ नव्हे. दर फेऱ्याला दहा स्टेप जास्त जातात. ड्रम पट्ट्याच्या मधोमध उभा असला तरी अडीच फेऱ्यांत अक्षर पुढे जाणार.

याहून फसवा प्रकार पूर्णांकाचा आहे. २०४८ भागिले ४० म्हणजे ५१.२. कोडमध्ये पूर्णांक व्हेरिएबल असेल तर तो ५१ धरतो, आणि ५१ गुणिले ४० म्हणजे २०४०. दोन चुकांनी एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकलं! आता फेऱ्यामागे फक्त दोन स्टेपहून किंचित जास्त चूक उरते. घड्याळात मिनिटांच्या दशकाचं मॉड्यूल (० ते ५ एकदाच छापलेलं) तासाला एकच फेरा करतं. पट्ट्याच्या मधोमधून कडेपर्यंतची साडेपंचवीस स्टेपची मोकळीक अशी संपायला साधारण बारा तास लागतात. सकाळी आठला लावलेलं घड्याळ रात्री आठला चुकतं, आणि बनवणारा विजेवर, उकाड्यावर, वायफायवर संशय घेत बसतो. मिनिटांच्या एककाच्या मॉड्यूलवर ० ते ९ एकदाच छापलं असेल (बाकीचे फ्लॅप कोरे किंवा अक्षरांचे), तर ते तासाला सहा फेरे करतं आणि दोन तासांतच घसरतं. घड्याळातली मॉड्यूलं फेऱ्यांच्या प्रमाणात चुकत असली की समजायचं, हिशेबाचीच चूक आहे.

उपाय सोपा. जागा कधीही "आधीची अधिक ५१" अशी काढू नका. फ्लॅपचा क्रमांक गुणिले २०३७.८९ भागिले ४०, हे दशांशात काढून शेवटी एकदाच पूर्णांक करा, आणि दर वेळी होमपासून मोजा. शिवाय प्रत्येक होमला काउंटर शून्य होऊ द्या. होमिंग फक्त चालू करतानाच करणारे कोड बरेच दिसतात, सेन्सर बसवलाच आहे तर त्याला प्रत्येक फेऱ्यात कामाला लावा.

एक सावधगिरी. याच आकाराच्या मोटरींत १:१६ गिअरच्या आणि १२ व्होल्टच्या मोटरीही मिळतात. दिसायला जुळ्या. अंगावर छापलेला व्होल्टेज वाचूनच दुकानातून उठा. आपल्याकडे सांगलीत एकदम वीस मोटरी मिळतीलच असं नाही, मग माणूस थोड्या पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळून आणतो, थोड्या ऑनलाइन मागवतो, आणि एकाच बोर्डात दोन घराणी नांदायला लागतात. प्रत्येक मोटरचा होम-ते-होम आकडा मोजून तिच्या पाठीवर पेनने लिहून ठेवा.

आकडा २०४२, २०४६, मध्येच २०५० असा येतो

स्टेप गळतायत. कंट्रोलरने पाठवल्या, मोटर फिरली नाही, म्हणून होम यायला उशीर झाला. यात एक खूण पक्की आहे: पूर्ण स्टेपवर चालवत असाल तर गळती चारच्या पटीत असते, कारण रोटर घसरला की कॉइलच्या (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांच्या) चार टप्प्यांचा अख्खा फेरा मागे पडतो. अर्ध्या स्टेपवर (एका स्टेपचे दोन भाग करून) चालवत असाल तर मूळ आकडा ४०७६ आणि गळती आठच्या पटीत. अशा वेळी अक्षर नेहमी मागेच पडतं.

मार्केट यार्डात एका अडत्यांच्या गाळ्यात हळदीच्या दराचा पाच आकडी बोर्ड आहे, ओळखीतल्या एका हौशी पोराने केलेला. त्या काकांचा फोन यायचा, "काय ओ, तुमच्या बोर्डानं आज दर हजारानं पाडला की! शेतकरी अंगावर यायलेत." हजाराचा फ्लॅप एक मागे. पोरगं जायचं, बंद-चालू करायचं, चहा पिऊन परत. मग होम-ते-होम आकडे काढले. पुरवठ्याजवळचं मॉड्यूल २०३८ वर ठाम, आणि दूरच्या टोकाची दोन २०४२, २०४६ दाखवत होती. पाचही मोटरी फिरत असताना टोकाच्या ड्रायव्हरवर मल्टिमीटर लावला, ४.३ व्होल्ट. भिंतीवरून आलेली पाच व्होल्टची वायर मोबाईलच्या चार्जरची, केसासारखी बारीक, आणि तिथून पुढे ड्यूपाँट जंपर (टोकाला प्लग असलेले बारीक वायरचे तुकडे) एकाला एक जोडत नेलेले.

गणित करून बघा. या मोटरच्या कॉइलचा रोध साधारण ५० ओहम. पूर्ण स्टेपला दोन कॉइल एका वेळी चालू, म्हणजे पाच व्होल्टवर कागदोपत्री २०० मिलिअँपिअर. यूएलएन२००३ स्वतःच पाऊण-एक व्होल्ट खातो, त्यामुळे मोटरपर्यंत चारच व्होल्ट जातात. त्यात वायरने अर्धा-पाऊण खाल्ला तर जोर उरणार कुठून? मोटरी फिरत असताना शेवटच्या बोर्डावर ४.७ च्या खाली आकडा दिसला तर आधी वायर बदला: जाड वायर, दोन्ही टोकांकडून पुरवठा, आणि मधे एखादा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कोडमध्ये सगळी मॉड्यूलं एकाच क्षणी सुटू देऊ नका, थोडं थोडं अंतर ठेवून सोडा. दिसायलाही ते जास्त छान दिसतं, लाट गेल्यासारखी खडखड होते.

त्या गाळ्यात दुसरंही एक कारण होतं. हळदीची बारीक धूळ फ्लॅपच्या भोकांत आणि ड्रमच्या कडांवर बसली होती, बोट फिरवलं की पिवळं व्हायचं. घर्षण वाढलं की जोर कमी पडतो. तेल मात्र टाकू नका. तेलावर धूळ चिकटून त्याचा लेप होतो. कोरडा ब्रश फिरवा, फुंकणी मारा, आणि समोर काच किंवा ॲक्रिलिक लावा.

वेग हा तिसरा संशयित. दोन स्टेपमध्ये दोन मिलिसेकंद ठेवले तर एका फेऱ्याला चार सेकंद लागतात, मिनिटाला पंधराएक फेरे. ही मोटर त्याच्या फार पुढे जात नाही. हौसेने दीड मिलिसेकंद केला की टेबलावर चालतो आणि भिंतीवर गळतो. सुरुवातीच्या आठ-दहा स्टेप चार मिलिसेकंदांवरून हळूहळू खाली आणा, वेगही टिकतो.

आणि विजेचा डोळा लागणे. दिवे नुसते मिचकतात, कंट्रोलर रीसेट होत नाही, पण तेवढ्यात मोटरीच्या दोन-चार टप्प्यांचा खुर्दा होतो. प्रत्येक फेऱ्याला होम तपासणारा कोड पुढच्या फेऱ्यात सावरून घेतो, एकदाच होम करणारा दिवसभर मागे चालत राहतो.

आकडा कधी ७००, कधी १३४०, कधी बरोबर

सेन्सर खोटं बोलतोय. मॅग्नेट समोर नसतानाही होम लागतं. ए३१४४ चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे (लाइन फक्त खाली ओढतं, वर नेत नाही), त्याला पुल-अप रोध (एरवी लाइन वर धरणारा) लागतोच. ईएसपी३२ वर तो आतून चालू करता येतो, पण जीपीआयओ ३४ ते ३९ या पिनांना आत पुल-अप नाहीच. कोडमध्ये लिहिलं तरी कंपायलर तक्रार करत नाही, पिन हवेत लटकलेली राहते. एरवी त्या पिना फक्त इनपुटच्या म्हणून सेन्सरला सोयीच्या वाटतात, म्हणून हमखास त्याच निवडल्या जातात. बाहेरून १० किलोओहम लावा, लांब वायर असेल तर ४.७. सेन्सरला पुरवठा पाच व्होल्टचा द्या (तो ४.५ च्या खाली चालण्याची हमी देत नाही), पण पुल-अप ३.३ ला बांधा. सेन्सरची वायर मोटरच्या पाच वायरींच्या जुडग्यात बांधू नका, आणि सेन्सरपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर टाका. होम लागल्यावर दोन-तीन स्टेप सलग तेच वाचन आलं तरच खरं माना.

आकडा क्वचित दुप्पट, म्हणजे ४०७६ च्या आसपास आला तर सेन्सरने एक फेरा झोप काढली: मॅग्नेट लांब पडतोय, किंवा ड्रम लडबडतोय. आणि मॅग्नेट उलटा चिकटवला तर हा सेन्सर मुळीच बोलत नाही. छापील बाजूसमोर दक्षिण ध्रुव लागतो.

होम-ते-होम आकडा सुरेख, पण प्रत्येक वेळी चालू केल्यावर अक्षर वेगळ्या ठिकाणी

हा माझा आवडता. हॉल सेन्सर एका बिंदूवर लागत नाही, मॅग्नेट समोरून जाईपर्यंत बऱ्याच स्टेपभर लागलेला राहतो. बंद करताना ड्रम नेमका त्या पट्ट्यात थांबला असेल, तर चालू केल्यावर कोड म्हणतो "सेन्सर लागलाय, म्हणजे घरीच आहे," आणि पट्ट्याच्या मधल्या कुठल्यातरी स्टेपला शून्य धरतो. बाकी वेळेला तो कडेपासून मोजतो. म्हणून कधी ठीक, कधी चूक. सुरुवातीलाच सेन्सर लागलेला दिसला तर आधी तो सुटेपर्यंत पुढे चला, मग पूर्ण फेरा मारून पुन्हा लागण्याची कड पकडा. दिशा एकच ठेवा. या मोटरच्या प्लास्टिकच्या गिअरांत पुढे-मागे होण्याइतका ढिलेपणा असतो, उलट फिरवून आलेलं होम वेगळ्या जागी लागतं. फ्लॅपही उलट्या दिशेला अडकतात, तो वेगळा भुर्दंड.

याचाच एक सावत्र भाऊ: गरम होऊ नये म्हणून थांबल्यावर कॉइल बंद करतात, ते बरोबरच आहे, पण पुढची हालचाल पहिल्या टप्प्यापासून सुरू करतात. रोटर तिसऱ्या टप्प्यावर उभा असताना कोड पहिल्यापासून सुरू झाला की दर सुरुवातीला एक-दोन स्टेपची गडबड. इथे चूक फेऱ्यांवर अवलंबून नसते, हालचाली किती झाल्या त्यावर असते. शेवटचा टप्पा लक्षात ठेवा, तिथूनच पुढे चला.

आता ऑफसेट

वरचं सगळं निस्तरल्याशिवाय ऑफसेटला हात लावू नका. आणि लावाल तेव्हा अक्षर बरोबर दिसलं की थांबायचं नाही. नेमकं इथेच बहुतेकांचं बिनसतं. एक-एक स्टेप पुढे जात फ्लॅप पडला, अक्षर आलं, आकडा ठेवला, झालं. पण फ्लॅप पडला त्या क्षणी ड्रम पट्ट्याच्या अगदी काठावर उभा असतो. चार स्टेप गळल्या की मागचंच अक्षर.

एक-एक स्टेप चालवून फ्लॅप पडल्याचा आकडा कागदावर लिहा, पुढे जाऊन पुढचा फ्लॅप पडल्याचा लिहा, दोन्हीच्या मधोमध ऑफसेट ठेवा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा केसाएवढा इकडेतिकडे सरकवून जवारी लावतात, तेवढ्या सबुरीने हे काम करायचं. सगळ्या चाळीस फ्लॅपांचे आकडे एकदा काढाच. दोन फ्लॅपमधलं अंतर कुठे ४३ तर कुठे ५८ निघालं, तर ड्रमची भोकं वाकडी आहेत किंवा एखाद्या फ्लॅपच्या कानाला खरखरीत कड उरलीय. तिथे पॉलिश पेपर चालेल, कोड नाही.

ड्रम मोटरच्या दांड्यावर डुगडुगत असेल तर हे आकडे दर फेऱ्याला बदलतील. दांडा ५ मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंनी तासून ३ मिलिमीटर केलेला असतो. ड्रमच्या एमडीएफमधलं (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीतलं) भोक थोड्या दिवसांत सैल होतं. नळाची टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळा.

टिचकीने बरा होणारा आजार

इथे हवामानाचा हात असतो. आयव्हरी कार्डाचे फ्लॅप पावसाळ्यात फुगतात आणि वाकतात. सांगलीत निभावतं, पण वर महाबळेश्वर-पाचगणीकडे कुणी कार्डाचे फ्लॅप लावायला निघालं तर मी हात जोडतो. ओळखपत्रं छापतात त्या पीव्हीसीच्या कोऱ्या कार्डांचे फ्लॅप करा. ०.७६ मिलिमीटर जाडी, एका कार्डातून दोन. मात्र पीव्हीसी लेझरवर कधीच कापू नका. लेझरवाला "द्या की, करून देतो" म्हणेल, तरीही नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, माणसाच्या छातीला आणि मशीनच्या लोखंडाला दोन्हींना घातक. फ्रेमचा एमडीएफ लेझरवर, फ्लॅपसाठी पंच आणि कात्री.

पीव्हीसीचं दुखणं उलट ऋतूत असतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात स्थिर विजेने दोन फ्लॅप एकमेकांना चिकटतात आणि जोडीने पडतात, म्हणून अक्षर पुढे जातं. पाण्यात कपड्यांच्या कंडिशनरचे दोन थेंब टाकून फडकं घट्ट पिळा आणि फ्लॅप पुसा. अक्षरांचे व्हिनाइल स्टिकर लावले असतील तर कडेला डिंक ओघळलाय का बघा, उन्हाळ्यात हमखास ओघळतो.

स्टिकर लावताना होणारा घोळही इथेच सांगतो, कारण तो "चुकीचं अक्षर" म्हणूनच समोर येतो. फ्लॅपच्या पुढच्या बाजूला ज्या अक्षराचा वरचा अर्धा भाग असतो, त्याच्या पाठीला त्याच अक्षराचा खालचा अर्धा नसतो, पुढच्या अक्षराचा असतो. पडलेल्या फ्लॅपची पाठ खाली दिसते आणि वर पुढचा फ्लॅप उघडा होतो, म्हणून. वरचा अर्धा "क" आणि खालचा अर्धा "ख" असं मिश्रण कायम दिसत असेल तर मोटरला दोष देऊ नका.

देवनागरीत ही चिरफाड जास्त झोंबते. शिरोरेषा पूर्ण वरच्या अर्ध्यात असते, आणि शेजारच्या दोन मॉड्यूलांची उंची अर्ध्या मिलिमीटरने कमी-जास्त झाली तरी ओळ तुटलेली दिसते. रोमन अक्षरांना हे खपून जातं. शिवाय काना-मात्रा आणि जोडाक्षरं चाळीस फ्लॅपांत बसवायचा हट्ट धरू नका, आख्खा शब्दच एका रुंद फ्लॅपवर छापा: वार, महिना, "आरती", "महाप्रसाद". रेल्वेचे बोर्ड असेच असायचे, गावाचं नाव एका फ्लॅपवर. इटलीतल्या उदिने गावच्या सोलारी कंपनीने हे तंत्र मोठं केलं. १९५६ मध्ये बेल्जियममधल्या लिएज स्टेशनावर त्यांचा बोर्ड लागला, आणि त्याच वर्षी जिनो वाल्ले यांनी आखलेल्या त्यांच्या चिफ्रा ५ घड्याळाला कोंपास्सो द'ओरो हा इटलीचा डिझाइनचा मोठा सन्मान मिळाला.

शब्दांच्या फ्लॅपला एक तांत्रिक फायदाही आहे. सात वारांच्या ड्रमला फ्लॅपमागे २९१ स्टेप येतात, म्हणजे दोन्ही बाजूंना दीडशेच्या आसपास मोकळीक. गणपतीत मंडळासाठी पहिलाच बोर्ड करणार असाल तर वाराच्या आणि आरतीच्या वेळेच्या मॉड्यूलापासून सुरुवात करा, आकड्यांच्या ड्रमवर ० ते ९ चार वेळा छापा (चाळीस फ्लॅप तसेही आहेत, आणि ९ नंतर ० यायला पूर्ण फेरा मारावा लागत नाही).

एवढं करूनही मॉड्यूल सरकत असेल तर मला विचारा, पण व्हिडिओ पाठवू नका. सलग वीस फेऱ्यांचे होम-ते-होम आकडे, मोटरी फिरत असताना शेवटच्या ड्रायव्हरवरचा व्होल्टेज, फ्लॅपची संख्या आणि अक्षर पुढे जातं की मागे, एवढं लिहून पाठवा.